तनेजा साहेबांच्या मशीनमधले कार्ड

मीनाक्षी सोनटक्केने सदतीस वर्षांच्या नोकरीत एकच चोरी केली, आणि ती भर दुपारी, ज्याची वस्तू उचलली त्याच्या डोळ्यांदेखत केली. निवृत्तीनंतर दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत कुणी विचारले, की तुम्ही सरकारात काय होता, तर ती 'कॉम्प्युटर सांभाळत होते' एवढेच सांगायची. चोरीची तिला लाज वाटत होती असे मुळीच नाही. पण ती गोष्ट सांगायची तर आधी हार्ड डिस्क आणि कार्ड यांचे नाते समजावून द्यावे लागे, आणि तेवढे ऐकून घ्यायला कुणाला सवड नसे.

ते नाते तसे अवघड नाही. जुन्या काळच्या हार्ड डिस्कला स्वतःची अक्कल नव्हती. विटेएवढा तो लोखंडी ठोकळा नुसता गोल फिरायचा. कुठे काय लिहायचे, लिहिलेले कसे वाचायचे, हे सगळे ठरवायचे मशीनमध्ये बसवलेले एक वेगळे कार्ड. दोन चपट्या केबलींनी ते डिस्कला जोडलेले असे. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची रेघा आखायची पद्धत निराळी. एखाद्या कारकुनाने स्वतःच्या खुणांनी लिहिलेली टिपणे दुसऱ्याला वाचता येऊ नयेत, तसा प्रकार. डिस्क चांगली, कार्डही चांगले, पण एकमेकांचे नसले तर पडद्यावर फक्त एरर. म्हणून मशीन मोडीत निघाले, की मीनाक्षी त्यातली डिस्क आणि कार्ड सुतळीने एकत्र बांधायची, वर चिठ्ठी लावायची आणि स्टोअरच्या फळीवर ठेवायची. अशा बावीस जोड्या तिथे होत्या. हे तिला कुणी सांगितले नव्हते, पगारात बसत नव्हते, आणि तिच्याशिवाय कुणाला ठाऊकही नव्हते. तिथेच घोळ झाला.

मीनाक्षीचे वडील बळवंतराव सरकारी छापखान्यात लागून अमरावतीहून दिल्लीला आले. ती वाढली लोधी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, शिकली पहाडगंजच्या मराठी शाळेत. पुढे पॉलिटेक्निकमध्ये तिने इलेक्ट्रॉनिक्स घेतले तेव्हा वर्गात दोन मुली होत्या. दुसरी पहिल्याच वर्षी सोडून गेली. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका केंद्रीय कार्यालयात ती लागली आणि कॉम्प्युटर आले तेव्हा आपोआप ते तिच्या गळ्यात पडले. बाकी सगळे पुरुष त्या मशीनला हात लावायला घाबरत. हिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रूड्रायव्हर असे.

१९९४ च्या मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती तीन आठवडे रजेवर गेली. परत येऊन स्टोअर उघडते तर फळी रिकामी. खाली दोन खोकी. एकात बावीस डिस्का, दुसऱ्यात बावीस कार्डे, आणि कोपऱ्यात कापलेल्या सुतळीचे भेंडोळे.

ती तडक सेक्शन ऑफिसर तनेजा साहेबांकडे गेली. तनेजा वर्षभरापूर्वी दुसऱ्या कार्यालयातून बदलून आलेले. माणूस प्रामाणिक, पैशाला शिवणारा नव्हे. पण रजिस्टरवर त्यांची भक्ती होती.

"सर, ये किसने किया?"

"मैंने करवाया. ऑडिट आया था, मैडम. रजिस्टर में हार्ड डिस्क का पन्ना अलग, कार्ड का पन्ना अलग. और आपके स्टोर में क्या? गठरियाँ! जैसे धोबी के यहाँ आए हों."

"हर गठरी पे चिट थी."

"फेंक दी. अब बाईस डिस्क, बाईस कार्ड. गिनती बराबर. ऑडिटवालों ने तारीफ़ की है."

"गिनती तो बराबर है सर. बस, अब चलेगी एक भी नहीं."

तनेजा हसले. "क्यों भई, मियाँ-बीवी हैं क्या, कि दूसरे के साथ नहीं चलेंगे?"

शेजारचे दोन कारकूनही हसले. मीनाक्षी हसली नाही. तिला वाटले होते की फार तर आपली मेहनत वाया गेली. त्या खोक्यांवर एका माणसाची नोकरी अडकली आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कळले.

ते सांगायला आली रामरती. ही बलिया जिल्ह्यातली बाई कार्यालयात झाडायची, पाणी भरायची, साहेबांचे डबे गरम करायची. रोजंदारीवर. नुकतेच एक परिपत्रक आले होते, की रोजंदारीवाल्यांपैकी ज्यांनी एका वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केल्याचा पुरावा असेल त्यांना कायम करण्याचा विचार व्हावा. १९९० पासून रामरतीला ठेकेदाराच्या नावावर टाकले होते, म्हणून ती वर्षे धरत नव्हते. त्याआधीचे हजेरीपट मुदत संपली म्हणून जाळून टाकलेले. उरले एकच. तेव्हाच्या केअरटेकरला कॉम्प्युटरचा भारी नाद. अठ्ठ्याऐंशी ते नव्वद अशी दोन वर्षांची हजेरी त्याने आपल्या खोलीतल्या मशीनवर रोज चढवली होती. तो माणूस वारला. मशीन मोडीत गेले. त्याची डिस्क त्या बाविसांत कुठेतरी होती.

"मैडम, सोमवार को कमेटी बैठेगी," रामरती दारातच उकिडवी बसत म्हणाली. "साहब लोग पूछते हैं, तुम आती थी इसका सबूत क्या. हम बोले, हमको तो याद है. आपके डिब्बे को याद है कि नहीं?"

"डब्याला आठवतंय," मीनाक्षी मराठीतच पुटपुटली आणि मग हिंदीत म्हणाली, "याद है. निकालना पड़ेगा."

हातात चार दिवस होते. एका कंपनीचा इंजिनिअर देखभालीच्या ठेक्यावर यायचा. त्याने खोक्यात डोकावून सल्ला दिला, "मैडम, कोई भी कार्ड लगाओ, फॉर्मॅट मार दो, डिस्क नयी हो जाएगी."

"आणि आत लिहिलेलं?"

"वो तो जाएगा."

"मग हात लावू नकोस," ती म्हणाली. तो पोरगा पंजाबी होता, पण त्याला बरोबर समजले.

त्या संध्याकाळी तिने हे घरी सांगितले. तिचा नवरा गुणवंत कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात स्वागतकक्षात होता. आमदार-मंत्र्यांच्या तोंडाला तोंड न देता वीस वर्षे काढलेला माणूस. तो म्हणाला, "तुझं म्हणणं बिल्कुल बरोबर आहे. पण तू एक नोट लिही आणि मोकळी हो. रेकॉर्ड त्यांनी बिघडवलं, निस्तरतील ते."

"ते निस्तरणार नाहीत. रामरती निस्तरेल. झाडू मारत."

"अगं, पण तुझ्या अंगावर येईल."

"येऊ दे की. अंग काय फक्त साड्या नेसायला आहे?"

बारा वर्षांची अलका वरणभात कालवत म्हणाली, "बाबा, यार, आईला डरवू नका."

"घाबरवू नका म्हणतात," मीनाक्षी म्हणाली. पण तिला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही खोकी जमिनीवर मांडली. बावीसला बावीस, म्हणजे एकेक लावून बघायचे तर महिना जाईल. आधी तिने डिस्कांवरचे छाप आणि कार्डांवरच्या पिना पाहून चाळीस एमबीच्या डिस्का-कार्डे वेगळी काढली. केअरटेकरची डिस्क वीसची होती एवढे तिला पक्के आठवत होते. उरल्या तेरा डिस्का आणि तेरा कार्डे. सगळ्यांवर सारखीच धूळ. ती ठोकळे उलटेसुलटे करत बसली होती, तेवढ्यात रामरती पाण्याची बाटली घेऊन आली आणि उभ्या उभ्या बघत राहिली.

"केअरटेकर के उस कमरे में तो मैडम हम बहुत गाली खाए हैं."

"क्यों?"

"कूलर भरने में. बाल्टी ऊँची उठानी पड़ती थी न. छलक जाती थी. और वो जो हवा फेंकता था, सीधा मशीन पे, पानी समेत. बड़े बाबू चिल्लाते थे, मेरा कम्प्यूटर भिगो दिया!"

मीनाक्षीने हातातला ठोकळा खाली ठेवला. दोन उन्हाळे कुलरची ओली हवा खाल्लेले मशीन. त्याचे लोखंड कोरडे कसे राहील? तिने तेरा डिस्का खिडकीशी नेल्या आणि एकेकीचे स्क्रू पाहिले. नववीच्या चारही स्क्रूंवर तांबूस गंज. मग कार्डांची पत्र्याची पट्टी पाहिली. एकाच कार्डाची पट्टी गंजून खवले धरलेली.

"मिल गया?" रामरतीने विचारले.

"मिल गया."

पण मिळून उपयोग झाला नाही. स्टोअरमध्ये एक जुने मशीन चालू होते त्यात तिने ते कार्ड बसवले. मशीन जागचे हललेच नाही. कार्ड काढून भिंगातून पाहिले तर गंज पट्टीवरून आत शिरून तारा खाऊन गेला होता. ओल लागून ते केव्हाच मेले होते.

रामरतीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "तो हमने ही मारा?"

"कूलरने मारलं. तू उगाच मान घेऊ नकोस."

आता एकच वाट होती. त्याच कंपनीचे, त्याच आवृत्तीचे दुसरे कार्ड. नुसते नाव जुळून भागत नाही, कार्डावरच्या मुख्य चिपचा नंबर जुळावा लागतो. मेलेल्या कार्डाचा नंबर तिने तळहातावर पेनाने लिहिला. बाकीची एकवीस कार्डे तपासली. नाव आठांचे जुळत होते, नंबर एकाचाही नाही. शनिवारी ती नेहरू प्लेसला गेली आणि तळमजल्यापासून वरपर्यंत कॉम्प्युटरची दुकाने पालथी घातली. एका सरदारजींनी तिचा तळहात पाहून चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बहनजी, ये माल अब दुकान में नहीं, अजायबघर में मिलेगा."

बसमधून परतताना तिच्या लक्षात आले. ही मशीने शहाऐंशीला आली, पण सगळी नाही. केअरटेकरचे आणि सेक्शन ऑफिसरचे, ही दोन अठ्ठ्याऐंशीला मागून आली होती. एका ट्रकमधून, एका दिवशी. तिनेच ती उघडून बसवली होती. आणि सेक्शन ऑफिसरचे मशीन अजून चालू होते. तनेजा साहेबांच्या टेबलावर, प्लास्टिकच्या झालरीच्या आवरणाखाली. ते रोज सकाळी आवरण काढत, बटण दाबत, तारीख पाहत आणि पुन्हा आवरण घालत. महिन्यातून एकदा रजेची यादी टाईप करत.

कमिटी सोमवारी दुपारी तीनला होती. सोमवारी दहा वाजता मीनाक्षीने रीतसर नोट लिहिली. दोन तासांसाठी कार्ड काढण्याची परवानगी मिळावी, काम होताच जसेच्या तसे बसवून देण्यात येईल. नोट साडेअकराला परत आली. खाली तनेजांचे अक्षर: चालू वस्तूचा भाग मोडीतल्या वस्तूस देता येत नाही. सहमत नाही.

ती पुन्हा आत गेली.

"सर, दो घंटे."

"दो मिनट भी नहीं. कल को ये बंद हो गया तो? मेरे चार्ज में है."

"आपका कुछ नहीं जाएगा. उसकी नौकरी जाएगी."

"मैडम, मुझे उससे हमदर्दी है. लेकिन नियम..."

"सुतळी कापताना नियम बघितला होता?" ती मराठीत म्हणाली. मग हिंदीत तेच सांगायची तिला गरज वाटली नाही. तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. मशीनचे बटण बंद केले, वायर काढली, झालरीचे आवरण घडी करून नीट साहेबांच्या समोर ठेवले आणि मागचे स्क्रू सोडवायला लागली.

तनेजांना क्षणभर समजेना काय चालले आहे. "ये... ये आप क्या कर रही हैं?"

"कार्ड निकाल रही हूँ, सर."

"मैंने मना किया है! लिखके मना किया है!"

"हाँ सर. मैंने पढ़ा." एक स्क्रू टेबलावर पडला, मग दुसरा. "आप लिख लीजिए कि मैडम ने ज़बरदस्ती निकाला. टाइम भी लिखिए. बारह बजके दस मिनट."

आणि कार्ड हातात धरून ती चालू लागली. मागून तनेजा, त्यांच्या मागून दोन कारकून, आणि आवाज ऐकून आलेली रामरती, अशी सगळी वरात स्टोअरपर्यंत आली. तनेजा सारखे म्हणत होते, "मेमो मिलेगा, मैडम, मेमो मिलेगा." पण तिच्या हातातून कार्ड हिसकावून घ्यायचे त्यांना सुचले नाही. बाईच्या हातातून कसे हिसकावणार?

तिने कार्ड बसवले, गंजक्या स्क्रूंची डिस्क टेबलावर आडवी ठेवून केबली जोडल्या आणि बटण दाबले. डिस्क कण्हली, फिरायला लागली. पडद्यावर आले: एरर.

"देखा?" तनेजा म्हणाले. त्या एका शब्दात राग होता तसे थोडे वाईट वाटणेही होते.

मीनाक्षीने पुन्हा बटण दाबले. पुन्हा एरर. नंबर तोच, कंपनी तीच, केबली बरोबर. मग काय राहिले? तिने डोळे मिटून केअरटेकरची खोली आठवली. भिंतीला चिकटलेले अरुंद टेबल. त्यावर मशीन आडवे मावत नव्हते म्हणून ते कुशीवर उभे केलेले. म्हणजे ही डिस्क जन्मभर उभी फिरली होती. जशी उभी असताना लिहिले तशीच उभी ठेवून वाचायला हवे. आडवी केली की आतली लिहिणारी सुई केसभर सरकते आणि जुनी रेघ चुकते. तिने बटण बंद केले, डिस्क कुशीवर उभी केली, दोन्ही बाजूंना जाडजूड फायली लावल्या आणि पुन्हा सुरू केले.

या वेळी एरर आली नाही. नावांची यादी आली. एकतीस माणसे, प्रत्येकापुढे तारखा, आणि शेवटच्या रकान्यात केअरटेकरचे शेरे. रामरतीला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "हम हैं?"

उत्तर दिले ते तनेजांनी. ते खुर्चीवर हात टेकून पडद्याकडे वाकले होते. "हाँ. सत्रहवें नंबर पे."

पहिल्या वर्षी दोनशे अठ्ठावन्न दिवस, दुसऱ्या वर्षी दोनशे एकाहत्तर. मीनाक्षीने छापून काढले. प्रिंटर करकरत असताना तिची नजर शेऱ्यांवर गेली. ९ जून १९८९, रामरती: कूलर भरताना कॉम्प्युटरवर पाणी, लेखी ताकीद दिली, जावक क्रमांक ४१२.

कमिटीत तीन साहेब होते; सेक्शन ऑफिसर म्हणून तनेजाही बाजूला बसले होते. मधल्याने कागद उलटासुलटा केला आणि ज्याची भीती होती तेच विचारले. "मशीन पर तो कल भी टाइप हो सकता है. हम कैसे मानें?"

"मत मानिए," मीनाक्षी म्हणाली. "रामरती की फ़ाइल मँगवाइए. नौ जून नवासी, नंबर चार सौ बारह."

फाईल आली. हजेरीपट मुदत संपून जळाले होते, पण ताकीद जपून ठेवलेली होती. सरकारने या बाईचे काम विसरून टाकले होते आणि तिला दिलेली बोलणी मात्र फायलीत दोरा घालून सांभाळली होती. तारीख तीच, क्रमांक तोच. मधल्या साहेबांनी तरीही तनेजांकडे पाहिले. "आपके सामने खुला ये?"

तनेजांना 'नाही' म्हणता आले असते. बेकायदा काढलेल्या कार्डावर मिळालेला पुरावा ग्राह्य धरू नये, असे म्हटले असते तरी चालले असते. ते कलम त्यांना तोंडपाठ होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जी, मेरे सामने खुला. कार्ड मेरी मर्ज़ी के ख़िलाफ़ लिया गया, वो अलग मामला है. पर खुला मेरे सामने, और है सच."

ऑगस्टमध्ये रामरतीचा हुकूम आला. त्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन स्टोअरमध्ये आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मैडम, अब कूलर हम नहीं भरेंगे. आर्डर में चपरासी लिखा है."

"मग कोण भरेल?"

"तनेजा साहब से पूछिए. किस पन्ने में चढ़ाते हैं."

मेमो त्याआधीच आला होता. तनेजांनी वेळेसकट लिहिला होता, बारा वाजून दहा मिनिटे. गुणवंतने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "माफी मागून टाक. एक ओळ. काय बिघडतं?" मीनाक्षीने मेमो घडी करून पर्समध्ये ठेवला. उत्तराच्या मुदतीच्या आदल्या दिवशी तनेजा स्वतः तिच्या टेबलाशी आले. हातात कोरा कागद होता.

"मैडम, बस इतना लिख दीजिए कि खेद है. मैं फ़ाइल बंद कर दूँगा. नहीं तो टिप्पणी लगेगी, प्रमोशन रुकेगा. दो साल, तीन साल, कह नहीं सकता."

"खेद नहीं है, सर. कैसे लिखूँ?"

"सब लिखते हैं. होता किसको है?"

ते खरेच कळकळीने बोलत होते, आणि हे तिला दिसत होते. तिने कागद घेतला. अक्षर नीट काढत हिंदीत तीन ओळी लिहिल्या. कार्ड मी काढले. परवानगी नव्हती हे मला माहीत होते. अशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा काढीन. खाली सही, हुद्दा, तारीख.

तनेजांनी उभ्यानेच वाचले. शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "ये वाली काट दें? बाक़ी मैं सँभाल लूँगा."

"जवाब तो वही है, सर."

पुढे बढती तीन वर्षे उशिरा आली. पण त्या दिवशी हिशेब करायला तिला सुचले नाही. तिने त्याच मजकुराची, आधीच लिहून ठेवलेली दुसरी प्रत टेबलाच्या खणातून काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"इस पे पावती दे दीजिए," ती म्हणाली. "मोहर के साथ."